बंद लेथला हळदकुंकू नाही

पुणे, १४ ऑगस्ट २०२५

प्रिय बापूमामा,

साष्टांग नमस्कार. रविवारी फोन केला तेव्हा मी तीनदा तुमची तब्येत विचारली आणि तिन्ही वेळा तुम्ही "थांब, मामीला देतो" म्हणून मोकळे झालात. कान ऐकत नाहीत हे कबूल करायचं नाही, यंत्र लावायचं नाही, आणि भाची बोलत असेल तर फोन मामीकडे. म्हणून आता पत्रच लिहिते. याला तरी मामीकडे ढकलू नका.

पंप बनवणाऱ्या कंपनीत मी दिवसभर संगणकावर नकाशे काढते. हाताला तेल लागून वर्ष झालं. परवा एका नव्या मुलीला कानस कशी धरायची ते दाखवलं. ती म्हणाली, "मॅडम, कुठे शिकलात?" मी सांगितलं, जबलपूरला, चेरीतालमध्ये, एका घराच्या मागच्या खोलीत. दर रविवारी राइट टाउनहून सायकल मारत यायचे, आणि तुम्ही पहिले सहा महिने धातू कातायच्या लेथला हात लावू दिला नव्हता.

लेथ कशी आहे? आणि मामा, रागावू नका, पण आता जड कामं थोडी कमी केली तर? चौऱ्याहत्तर झालात. थोडी विश्रांती घ्यायला काय हरकत आहे?

मामीला नमस्कार.

तुमची अवंती

*

चेरीताल, जबलपूर, २२ ऑगस्ट २०२५

चि. अवंती,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं, आनंद झाला. शेवटच्या चार ओळी मात्र तुझ्या नव्हेत. 'विश्रांती' हा शब्द आमच्या चिरंजीवांचा आहे. अनिमेषने हैदराबादहून तुला फोन केला होता की नाही, खरं सांग.

आता लेथचं ऐक. जूनपासून बंद आहे. जुनं यंत्र, तुला माहीतच आहे. मुख्य दांडा, म्हणजे स्पिंडल, ज्यात फिरतो तो पुढचा गनमेटलचा बुश झिजला. दांडा हलायला लागला, काम लांबटगोल येऊ लागलं. बुश म्हणजे काय, जाड बांगडीच. पण ती लेथच्या डोक्यातल्या भोकात इतकी घट्ट बसली पाहिजे की पुन्हा हलता कामा नये. म्हणून बुश भोकापेक्षा दोन थौ मोठा ठेवतात, तुझ्या भाषेत पाच शतांश मिलिमीटर. छत्तीस वर्षं फॅक्टरीत असे शेकड्यांनी बसवले.

ओळखीच्या वर्कशॉपमधून तीन बुश करून आणले. पहिला बोल्टने खेचून बसवायला गेलो, तिरका शिरला आणि कडेला चेपला. दुसरा तांब्याच्या हातोड्याने बसवत होतो, त्याची कॉलर, म्हणजे पुढची रुंद कड, एका बाजूने चेपली. आजकाल गनमेटलमध्ये काय मिसळतात देव जाणे. चित्र सोबत काढून पाठवतो. आता एकच उरला आहे, आणि तो ज्या सळईतून काढला तशी सळई मिळत नाही.

घाई का, तर अनिमेषशी पैज लागली आहे. तो म्हणतो, खोली रिकामी करा, भाड्याने द्या, नाहीतर स्वतःला काही करून घ्याल. मी म्हटलं, खंडेनवमीला, १ ऑक्टोबरला, लेथ फिरली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही फिरली, तर दसऱ्याला माणूस आण आणि उचलून ने. आपल्याकडचा नियम तुला ठाऊक आहे. नवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होते, पण बंद लेथला हळदकुंकू नाही. चालेल त्याचीच पूजा.

मामी बरी आहे. तिच्या गुडघ्यांची तक्रार चालू, तिची माझ्याबद्दलची तक्रारही चालू.

तुझा बापूमामा

*

पुणे, ३० ऑगस्ट २०२५

प्रिय बापूमामा,

हो. अनिमेषदादाने फोन केला होता. "तुझं ऐकतात, समजाव त्यांना," म्हणाला. तुमच्या अंगठ्याची जखम त्याने राखीला आला तेव्हा पाहिली आणि घाबरलाय. मी वेडी, हो म्हणून बसले. त्या चार ओळी परत घेते. गणपतीसमोर कान पकडले, त्याबद्दल एक मोदक जास्त खाल्ला.

चित्र नीट पाहिलं. दोन्ही बुश एकाच बाजूला, खाली उजवीकडे चेपलेत. गनमेटलबद्दल मी काही म्हणत नाही.

एक सुचवू? तिसरा बुश ठोकूच नका. गार करा. धातू गार झाला की आक्रसतो. बर्फाने फारसा नाही, पण द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवला, शून्याखाली एकशे शहाण्णवपर्यंत नेला, तर तुमचा साठ मिलिमीटरचा बुश अठरा शतांशाच्या आसपास लहान होईल. तुम्हाला हवेत फक्त पाच. म्हणजे तो भोकात हाताने सरकेल, सैल. आत जाऊन भोकाच्या उबेने पुन्हा फुगला की स्वतःच घट्ट बसेल. हातोडा नाही, बोल्ट नाही.

अडचण एकच. सरकवायला जेमतेम चार-पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात सरळ गेला पाहिजे आणि बुशचं तेलाचं भोक लेथच्या तेलाच्या भोकाखाली आलं पाहिजे. एकदा पकडला की तो तिथेच.

विचार करा आणि कळवा.

तुमची अवंती

*

चेरीताल, ६ सप्टेंबर २०२५

चि. अवंती,

आशीर्वाद. तुझी सूचना वाचली. बुश बर्फाच्या गोळ्यासारखा गार करून ढकलायचा, हे संगणकावर बसून सुचायला ठीक आहे. बुश बसला की हातोड्याचा आवाज बदलतो. तो आवाज ऐकून आम्ही काम केलं. आता कान गेले असं तू म्हणशील. हाताला तर तो आवाज अजून लागतो ना?

तुला वाटतं मला ठोकता येत नाही. तसं सरळ लिहायचं होतं.

तुझा बापूमामा

*

(त्याच पाकिटात, वेगळ्या चिठोऱ्यावर)

अवंती बेटा,

हे टपालात टाकायला मीच जाते, म्हणून ही चिठ्ठी आत घालून राहिले. यांना सांगू नको. वरचं पत्र यांनी सांगितलं, मी लिहिलं. आधीचंही मीच. वर्षभरापासून यांचा उजवा हात कापतो. चहाचा कप अर्धाच भरावा लागते. दाढी आयुष्यात स्वतः केली, आता चौकातल्या न्हाव्याकडे जातात आणि मला म्हणतात, "गप्पा मारायला जातो." ते बुशचं चित्र यांनीच काढलं होतं, पण रेघा अशा आल्या की मी वरून पेनाने गिरवल्या. अंगठ्यावर हातोडा दोनदा बसला, अनिमेषला एकच माहीत आहे.

तू ते गार करायचं लिहिलं तेव्हा हे दिवसभर जेवले नाहीत. पण रात्री कागद उशीखाली होता, मी पाहिलं. काहून गं, हातोड्याशिवाय खरंच बसते का?

अनसूयामामी

*

पुणे, १२ सप्टेंबर २०२५

प्रिय बापूमामा,

हे पत्र मामी आधी वाचेल आणि मधले एक-दोन शब्द खोडू पाहील. मामी, खोडू नकोस.

मामा, पत्रांतलं अक्षर मामीचं आहे हे मी पहिल्याच पत्रात ओळखलं होतं. लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत मोठी झाले मी. आणि चित्रातल्या रेघेखाली दुसरी रेघ आहे, तीही दिसली. दोन बुश एकाच बाजूला चेपले तेव्हाच मला कळलं की गनमेटलचा दोष नाही. मी तुम्हाला तसं म्हणाले नाही, कारण मला धीर झाला नाही. म्हणून मागच्या दाराने नायट्रोजन आणला. ते चुकलं. तुम्ही मला सरळ बोलायला शिकवलंय, म्हणून आता सरळ लिहिते: तुमचा हात कापतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ज्या हाताने माझा हात धरून कानस चालवली तो हात आहे तो. आधी डॉक्टरांना दाखवा. याबाबत मी अनिमेषदादाच्या बाजूने आहे.

पण लेथबाबत मी तुमच्या बाजूने आहे. आमच्या कंपनीत मोठे बुश असेच गार करून बसवतात, आणि बसवणारी माणसं पंचविशीतली, दगडासारख्या हाताची असतात. आणि आठवतं? मी पहिल्यांदा चाक पक्कं करायची लोखंडी चावी ठोकून बसवायला गेले तेव्हा तुम्ही हातोडा काढून घेतला होता. म्हणाला होतात, "जोर लावावा लागला की समज, कुठेतरी आधीच चुकलं." मग तुमचं ऐकू की तुमच्या हातोड्याचं?

तुमची अवंती

*

चेरीताल, १८ सप्टेंबर २०२५

चि. अवंती,

आशीर्वाद. पत्र मामीने आधी वाचलं. खोडलं काही नाही. वाचताना दोनदा थांबली तेवढंच.

डॉक्टरकडे जाऊन आलो. गोळी दिली आहे, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. पुरता थांबणार नाही म्हणाले, कमी होईल. तो विषय झाला.

आता कामाचं. भोक पुन्हा मोजलं. मायक्रोमीटर मामीने धरला, आकडा मी वाचला. तुझा हिशेब बरोबर आहे. नायट्रोजन कुठे मिळणार, तर मिळाला. फॅक्टरीत माझ्या शेजारच्या बाकावर काम करायचे ते चौकसे, त्यांची रश्मी सिहोऱ्याला असते. गावोगाव स्कूटीवर फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करते. चांगल्या वळूचं बीज ज्या भांड्यात गारठवून ठेवतात, त्यात हाच नायट्रोजन असतो. मामीला फोनवर म्हणाली, "चाचाजी को बोलिए, जितना चाहिए ले जाइए, बस मेरे साँड को हाथ मत लगाना." मामीने हे लिहायला नकार दिला होता. लिही म्हटलं, शास्त्रीय गोष्ट आहे.

२५ तारखेला मी बसने सिहोऱ्याला जाईन. आपला मोठा स्टीलचा थर्मास आहे, फिरकीच्या झाकणाचा. झाकण करकचून आवळलं की चोवीस तास चहा गरम राहतो, तर गारही राहीलच. बुश धरायला लाकडी दांडा लागेल. नेहमीसारखा लेथवर केला असता, पण लेथच बंद. मामीचं शिसवी लाटणं मापात आहे, थोडं कापड गुंडाळलं की बुश त्यावर बसतो. मागितलं तर चार दिवस हो म्हणाली नाही. सासूबाईंचं आहे म्हणते. काल दिलं. तेलाच्या भोकाची खूण बुशवर कुंकवाने करणार आहे.

तुझा बापूमामा

*

पुणे, २२ सप्टेंबर २०२५
स्पीड पोस्टाने

मामा,

थर्मास नाही! मामीला फोनवर सांगितलंच आहे, पण ती म्हणाली, "लिहून पाठव, हे माझं ऐकत नाहीत, कागदाचं ऐकतात." म्हणून लिहिते.

नायट्रोजन सतत उकळत असतो, त्याची वाफ होत राहते. झाकण करकचून आवळलं तर वाफेला वाट नाही, आणि बसमध्ये तुमच्या मांडीवर तो थर्मास फुटेल. रश्मीच्या भांड्याचं झाकण मुद्दाम सैल असतं, तिला विचारा. तिलाच तिचं भांडं घेऊन घरी बोलवा. खोलीची दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा, बंद खोलीत त्या वाफेने श्वास कोंडतो. डोळ्यांवर चष्मा, हातात कोरडे चामड्याचे मोजे. ओतायचं थर्माकोलच्या डब्यात.

मामा, मला लेथ नको, काही नको, तुम्ही दोघं हवे आहात. हे पत्र पोचल्याचं मामीला फोन करायला सांगा. लगेच.

अवंती

*

चेरीताल, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

अवंती बेटा,

आज हे सांगत नाहीत, मीच लिहून राहिले. तू फोनवर "बसला का, बसला का" करत होतीस आणि मी "सगळं पत्रात लिहीन" म्हणून ठेवून दिला. यांच्या हुकुमावरून. म्हणाले, तिने कागदावर सुरू केलं, कागदावरच संपेल.

रश्मी सोमवारी सकाळी आली. तुझं पत्र हातात धरून यांनी तिला एकेक गोष्ट विचारली, जशी काही परीक्षाच. अनिमेष आदल्या दिवशी आला होता. दसऱ्याला माणूस सांगूनच आला होता, माझ्यापासून लपवलं नाही त्याने. पण खिडक्या त्यानेच उघडल्या, पंखा त्यानेच लावला.

मी आपली नेहमीसारखी बाहेर. तुला माहीत आहे, लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली पण मी मागच्या खोलीतल्या यांच्या कारखान्याचा उंबरठा ओलांडला नाही. नवीन होते तेव्हा एकदा गेले होते, तर हे ओरडले, "पदर अडकेल, बाहेर हो!" काळजीनेच ओरडले असतील. पण मी तेव्हापासून चहा खिडकीत ठेवते.

आधी एक तालीम केली. लोखंडी नळीचा त्याच मापाचा तुकडा घेतला आणि पहिला खराब झालेला बुश लाटण्यावर चढवला. रश्मीने डब्यात ओतलं. जमिनीवरून पांढरा धूर वाहत उंबरठ्यापर्यंत आला. बुश बुडवला तर फोडणीसारखा चुर्र आवाज. मग हळूहळू शांत झाला. रश्मी म्हणाली, "चाचाजी, अब ठंडा हो गया." यांनी लाटणं उचललं. बुशवर पांढरं हिव चढलं होतं आणि कुंकवाची खूण त्याखाली नाहीशी. हे खूण शोधत राहिले, हात कापायला लागला, बुश नळीच्या काठाला लागला आणि तिथेच तिरका चिकटला.

डब्यात एकाच वेळेपुरतं राहिलं होतं. रश्मीला संध्याकाळच्या गावांना उरलेलं लागणार, तिच्याकडून आणखी मागणं बरं नाही. अनिमेष म्हणाला, "बाबा, द्या मी करतो." हे म्हणाले, "तू घाई करशील." खरंच करतो तो. मग खाली बघत बसले, अवंती, आणि मला वाटलं, झालं. आता हे स्वतःच म्हणतील की ने बाबा उचलून.

मला राहवलं नाही. बाहेरूनच म्हटलं, "खूण बुशवर काहून करता? लाटण्यावर करा ना. बुश लाटण्यावर पक्का, आणि लाटणं तर हातात बाहेर राहते."

यांनी वर पाहिलं. ऐकू आलं की ओठांवरून समजलं, माहीत नाही. उठले, लाटण्याच्या दांड्यात तेलाच्या भोकाच्या सरळ रेषेत एक खिळा ठोकला. तोही अनिमेषने धरला तेव्हा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अनू, पदर खोच."

मी ऐकलंच नाही असं केलं. पुन्हा म्हणाले, "पदर खोच आणि आत ये. लाटणं तुझं आहे."

मी म्हटलं, मला काय समजते यातलं? तर म्हणाले, "जोर लावायचा नाही, सरळ जाऊ द्यायचं. पोळी लाटताना काय करते?" मी म्हटलं, "तेच करते." "मग ये."

आले. चामड्याचे मोजे मला मोठे होत होते. बुश शांत होईपर्यंत हे माझ्या मागे उभे राहिले. लेथच्या भोकावर वरती तेलाचं भोक कुठे आहे ते बोटाने दाखवून ठेवलं. "खिळा वर. फक्त खिळ्याकडे बघ." आणि म्हणाले, "आता."

मी उचललं आणि नेलं. बस. कुठे काही लागलंच नाही, अवंती. लोणी लावलेल्या पातेल्यात डाव जावा तसा गेला. कॉलर टेकली तेव्हा हाताला कळलं. यांनी मागून वीस आकडे मोजले. मी लाटणं ओढलं तर बुश जागचा हलला नाही. यांनी तेलाच्या भोकात सुई घातली, ती सरळ आत गेली. मग हे तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. अनिमेष आला तर त्याला म्हणाले, "धूर डोळ्यात गेला." नायट्रोजनचा धूर डोळ्यांना झोंबत नाही, एवढं तर मलाही आता समजते.

दोन दिवस आतून भोक साफ करण्यात आणि दांडा बसवण्यात गेले. बापलेकांनी मिळून केलं, भांडतच. काल नवमीला सकाळी साडेदहाला लेथ सुरू झाली. हे लेथवर हात ठेवून उभे होते. "आवाज कसा आहे?" मला विचारलं. मी म्हटलं, "आवाजच नाही." तेच हवं असते म्हणे. अनिमेषने अंगणात जाऊन त्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग आत येऊन लेथला नमस्कार केला. हळदकुंकू यांनी स्वतः लावलं. बोट कापलं, टिळा जरा तिरका आला. कोणी पुसला नाही.

हत्यारं पाटावर ओळीने मांडली होती. कानस, हातोडा, मायक्रोमीटर. शेवटी यांनी काय ठेवलं सांगू? माझं लाटणं. खिळ्यासकट. त्यालाही हळदकुंकू.

आता हे कागद मागून राहिले. देते.

अनसूयामामी

*

अवंती,

ही ओळ मी लिहितो आहे. माझ्या हाताने. वेळ लागतो.

अक्षर वाकडं आहे. मामी गिरवून देते म्हणाली. नको म्हटलं.

लाटणं आता कारखान्यातच राहील. तिच्यासाठी नवं करतो. लेथवर.

दिवाळीला ये. तुझी सायकल ठेवली आहे.

बापूमामा